मांडणीतली बाई

परवा गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात यंदाच्या धानाची पहिली गाडी आली. मी मिरच्या घ्यायला थांबले होते. गाडीवाला पोती उतरवत असताना एक पोतं उसवलं, थोडं धान रस्त्यावर सांडलं आणि तो वास आला. ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, चिखलाचा, थोडासा दुधाळ. धान म्हटलं की लोकांना खळं आठवतं, नवान्न आठवतं. मला आधी आठवते ती एक काच. काचेपलीकडे तलावाचं पाणी, आणि पाण्याच्या पलीकडच्या काठाला पिवळ्या झालेल्या धानाच्या बांध्या, बांध घातलेली छोटी शेतं. चाळीस वर्षं होऊन गेली, पण त्या बांध्या मला अजून काचेतूनच दिसतात.

साहेब लोक आता देश सोडून जाणार असं गोंदियाहून येणारी माणसं सांगतात. तलावावरच्या त्या बंगल्याचं मग काय होईल, कोण जाणे. कुणी विचारलं तर मी सांगेन की बंगल्याला लागून एक बाग होती, बागेत एक दुकान होतं, आणि त्या दुकानातल्या वस्तू मी मांडत असे. एवढं सांगताना मला अजूनही थोडा अभिमान वाटतो. त्यापुढचं सांगताना वाटत नाही.

माझं लग्न सोळाव्या वर्षी झालं. वडील गोरेगावला शाळामास्तर, त्यांनी मला घरी बसवून लिहाय-वाचायला शिकवलं होतं. नवरा जंगल खात्यात नाकेदार. त्याला तलावावरच्या बंगल्याशेजारी एका खोलीचं घर मिळालं होतं. घराभोवती तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे जंगल, जंगलात खात्यानं वसवलेलं गोंडांचं गाव. तारेच्या बाहेर जायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. कारण विचारलं तर नवरा म्हणाला, "वाघ हाय." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा खरं कारण आलं. "गावातल्या बायांत बसून राहशील, अन् उद्या मी त्यांच्या मानसायले हुकूम देईन तं कोन ऐकंल?" तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या नोकरीला जेवढी जागा होती तेवढीच त्यानं मला दिली होती.

तीन वर्षं मी त्या तारेच्या आत काढली. दिवस कसा जायचा ते आज सांगताही येणार नाही. चूल, विहीर, तुळस. तलावावर बदकं उतरली की समजायचं थंडी आली. बदकांमागून साहेब लोक यायचे, गोंदियाच्या स्टेशनावरून बैलगाड्यांनी आणि घोड्यांवरून, शिकारीला. ते आले की आमच्या कुंपणाबाहेर गर्दी व्हायची, आणि मी दाराच्या फटीतून ती बघायची.

बाग जंगल खात्याच्या मोठ्या साहेबांच्या मडमेनं लावली होती. तलावाच्या उतारावर गुलाब, लाल मुरमाच्या वाटा, बसायला बाकं. तिथंच तिनं लाकडाचं एक छोटं दुकान उभारलं. समोर एकसंध काच. ती नागपूरहून गवतात गुंडाळून आणली होती, तिला उतरवायला सहा माणसं लागली. पाहुण्यांनी जाताना जंगलाची आठवण म्हणून काही न्यावं असं तिच्या मनात होतं. गावात बनतं ते सगळं तिथं विकायला ठेवायचं. बांबूच्या परड्या, वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यांचे पाणी प्यायचे गडवे, लाखेच्या डब्या, लाकडी फण्या, कोशाचं रानरेशमी कापड, मातीचे घोडे.

एकदा ती आमच्या खोलीची स्वच्छता बघायला आली. माझ्या घरात बघण्यासारखं काही नव्हतं. फळीवर चार पितळी भांडी, दोन मडकी, आणि एका लोट्यात मी खोचलेल्या धानाच्या लोंब्या. पण ती त्या फळीसमोर बराच वेळ उभी राहिली.

"यह कौन लगाया?" तिनं विचारलं.

मी मान खाली घातली. नवरा म्हणाला, "हमारी घरवाली, हुजूर."

"हमारा दुकान लगाएगा?" हे तिनं मला विचारलं होतं.

"लगाएगी, हुजूर," नवरा म्हणाला.

अशी मी तारेच्या बाहेर पडले, म्हणजे कुंपणापासून दुकानापर्यंतची चाळीस-पन्नास पावलं.

पहिल्या दिवशी मी दुकान बाजारासारखं मांडलं. परड्यांवर परड्या, गडव्यांची रास, फण्यांचा ढीग. आपल्याकडे ढीग म्हणजे बरकत. ढीग बघून गिऱ्हाईक थांबतं, हात घालून उलथापालथ करतं, खालचं वर काढतं. मडमेनं बघितलं आणि एकेक वस्तू उचलून बाहेर ठेवायला लागली. एका फळीवर तीनच वस्तू राहिल्या. मग ती मला काचेबाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "अब देखो." मी बघितलं. एरवी शेण भरायची टोपली तिथं एकटी, मोकळ्या जागेत, देवासारखी बसली होती. रोजच्या वस्तूच्या बाजूचं सगळं काढून घेतलं की ती अनोळखी होते आणि अनोळखी झाली की सुंदर दिसते, हे मी त्या सकाळी शिकले. त्या वस्तूला तसं एकटं बसायला आवडतं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मला ते काम फार आवडलं. पिवळ्या बांबूमागे मी काळं घोंगडं टांगलं, तेव्हा बांबू उजळला. कोशाचं कापड घडी करून ठेवलं तर मेलेलं दिसायचं, म्हणून ते वरच्या फळीवरून खाली सोडलं आणि शेवटाला मातीचा घोडा ठेवला, जणू तो कापडावरून उतरून आला आहे. सकाळचं ऊन काचेतून कुठवर येतं, कुठल्या वेळी लाखेच्या डबीवर पडतं, हे मला पाठ झालं. तीन वर्षांत माझ्या हाताला आणि डोळ्याला पहिल्यांदा काहीतरी काम मिळालं होतं.

फक्त एक होतं. बागेत वांदरं फार. त्यांनी एकदा आत शिरून लोंब्या खाल्ल्या, दोन घोडे फोडले. तेव्हापासून मागच्या दाराला बाहेरून कडी लागायला लागली. आतून लावायची कडी सुताराकडून करून घ्यायची राहून गेली, ती राहिलीच. सकाळी मी आत गेले की चौकीदार कडी घालायचा आणि पाहुणे जेवायला गेले की काढायचा. मधल्या वेळात मी वस्तूंबरोबर आत. पाहुणे काचेशी येत, परड्या बघत, घोडे बघत, आणि त्याच नजरेनं, तितकाच वेळ, मला बघत.

मांडणी पुरी झाली तेव्हा मडम काचेबाहेर उभी राहून म्हणाली की सगळं ठीक आहे, पण काहीतरी कमी आहे. मी आतून मोडक्या हिंदीत म्हटलं, "बनानेवाली सामने बैठेगी तो अच्छा लगेगा." हे सुचलं तेव्हा मला किती आनंद झाला होता, ते मी लपवणार नाही. मडमेचा चेहरा खुलला.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर इतवारी आणून बसवलेली होती.

इतवारी गावातली गोंडीण, तिशीची, हातापायांवर गोंदण, बोलणं कमी. परड्या तिच्यासारख्या कुणी विणत नसे. सकाळी ऊन वर आल्यापासून पाहुणे जेवायला जाईपर्यंत आणि मग चहानंतर ते पुन्हा फिरायला येत तेव्हापासून दिवे लागेपर्यंत तिनं चटईवर बसून विणायचं, एवढाच हुकूम होता. गाव खात्याचं, घर खात्याचं, जमीन खात्याची. खात्यानं बस म्हटलं की बसायचं. मी आत, ती बाहेर, मधे फळ्यांची भिंत. रोज सकाळी मी काचेतून हातानं खुणा करून तिला सांगायची, थोडी इकडे सरक, थोडी तिकडे. तिच्यावर ऊन कसं पडतं ते बघायची. ती मुकाट्यानं सरकायची.

तिसऱ्या दिवशी फळीच्या फटीतून तिचा आवाज आला.

"बाई, माहा धान उभा हाय."

"मग कापून घे ना."

"कवा कापू? मले इथंच दिवस बुडते."

"नवरा?"

"त्याच्या पायावरून सागाची गाडी गेली मागच्या साली. तो दारात बसते."

"शेजारचं कुणी?"

"सगळे हाकेले गेले, साहेबायच्या शिकारीले जनावर हाकाले." ती थांबली. सुरी बांबूवरून सरकल्याचा आवाज आला. "पिकला धान थांबत नाई, बाई. झडून राहिला. तू सांगशील का नाकेदाराले?"

मी सांगते म्हटलं, आणि त्या दिवशी जेवायला वाढताना नवऱ्याला सांगितलंही.

"नाताळापर्यंत बसू दे तिले," तो म्हणाला. "मडमेनं स्वतः सांगतलं हाय."

"तिचं वर्षाचं धान जाईल."

"अन् तिले उठवून माही बदली झाली तं? मले हे घरही राहनार नाई." त्यानं ताट पुढं सरकवलं. "तिले बसवा म्हनून कोन सांगतलन, मी का?"

पुढचे पाच दिवस मी हा विषय काढला नाही. रोज सकाळी दुकानात गेले, कडी लागली, मी घोडे पुसले, कापडाच्या चुण्या नीट केल्या. फटीतून इतवारीनं पुन्हा विचारलं नाही, आणि तिनं विचारलं नाही म्हणून मला बरं वाटलं, हेही खरं आहे. पाहुणे ओट्यापाशी घोळका करत, तिच्या बोटांकडे वाकून बघत. दुकान इतकं शोभिवंत कधीच दिसलं नव्हतं. पलीकडच्या काठावरच्या बांध्या पिवळ्याच्या तांबूस होत चालल्या होत्या. त्यातली तिची कोणती, हे मी तिला विचारलं होतं. जांभळीच्या झाडाखालची.

मग एका सकाळी ती आली ती नेहमीपेक्षा भराभर विणायला लागली. मी फटीशी तोंड नेऊन विचारलं, "काय झालं?"

"अर्धी बांधी डुकरायनं लोळवली."

हे तिनं आज थंडी जास्त आहे म्हणावं तसं सांगितलं.

"आणि बाकीची?"

"बाकीची उभी हाय. आजची आज."

नाताळाला दोन दिवस होते. त्या दिवशी मोठी मंडळी येणार म्हणून मडमेनं मला पहाटेपासून तयारीला लावलं होतं. मी काळ्या घोंगड्यावरची धूळ झटकत होते. माझा हात थांबला. त्या वेळी मी काही मोठा विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला फक्त एवढं कळलं की आणखी एक दिवस त्या फटीच्या या बाजूला मला राहवणार नाही.

"इतवारी, कडी काढ," मी म्हटलं.

तिनं इकडेतिकडे बघितलं आणि मागच्या दाराशी येऊन कडी काढली.

"तू जा. धान काप."

"अन् इथं?"

"मी बसते."

तिनं माझ्या हातांकडे बघितलं. "तुले विणता येते?"

"तू बूड घालून दे. पुढं मी बघते."

तिनं उभ्या उभ्याच परडीचं बूड घातलं, एक काडी वरून, एक खालून, दोनदा मला दाखवलं. मग सुरी चटईवर ठेवली आणि गुलाबांच्या वाफ्यांतून सरळ तलावाच्या काठाकडे निघाली. तिनं मागं वळून बघितलं नाही. मी लुगडं तिच्यासारखं गुडघ्यापर्यंत वर खोचलं, डोक्यावरचा पदर मागं टाकला आणि चटईवर बसले. वारा थेट तोंडावर येत होता. पाण्याचा वास येत होता. तासभर मी खरोखर सुखात होते.

मग मंडळी आली. आठ-दहा साहेब, मडमा. एकानं तीन पायांवर फोटोची पेटी उभी केली. ते आपसांत बोलत होते, त्यातला एकच शब्द मला कळला, "जंगली". पेटीवाला पुढं आला आणि दोन बोटांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. रागानं नव्हे, अगदी काळजीपूर्वक, फळीवरचा घोडा वळवावा तसं. मी मास्तरांची मुलगी, नाकेदाराची बायको. माझ्या अंगाला परक्या पुरुषाचा हात कधी लागला नव्हता. ओरडावं असं वाटलं नाही. आणि मला आठवलं, आठ दिवस मी इतवारीला काचेमागून खुणावत होते, थोडी इकडे, थोडी तिकडे.

तो फोटो विलायतेत कुणाच्या तरी घरी असेल. त्याखाली काय लिहिलं असेल, याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला. आता करत नाही.

मडमेनं मला पहिल्याच नजरेत ओळखलं होतं. पण पाहुण्यांसमोर ती काही बोलली नाही. मंडळी पुढं गेल्यावर ती मागं राहिली.

"वह औरत किधर है?"

"धान काटने गई. मैंने भेजा."

"किसके हुकुम से?"

"किसी के नहीं."

तिनं माझ्या मांडीवरची वेडीवाकडी परडी बघितली. तिला हसू आलं की काय, असं मला क्षणभर वाटलं. मग ती शांतपणे म्हणाली, "अच्छा. तो नए साल तक तुम बैठेगा."

मी नऊ दिवस बसले.

नवरा पहिल्या दिवशी दुपारी बागेच्या फाटकापर्यंत आला, मला चटईवर बघितलं आणि तिथूनच परत गेला. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "आता गावात मी कोन्या तोंडानं जाऊ?" त्यानंतर किती तरी दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ताट स्वतः वाढून घ्यायचा. बांबूच्या धारेनं माझ्या उजव्या हाताची चारही बोटं चिरली होती, भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं. चौथ्या दिवशी सकाळी ओट्यावर गेले तर चटईशेजारी मातीच्या वाटीत मोहाच्या बियांचं तेल ठेवलेलं होतं. ती वाटी आमच्या घरचीच होती, म्हणजे नवऱ्यानं ठेवलेली.

माणसाला अडकवायला भिंतच लागते असं नाही, हे मला त्या नऊ दिवसांत कळलं. ओट्याला कडी नव्हती. उठून कुणीही गेलं असतं. मी गेले नाही, कारण गेले असते तर चौकीदार इतवारीला परत आणायला जांभळीच्या झाडाकडे निघाला असता. इतवारी गेली नव्हती, कारण तिचं घर खात्याचं होतं. नवरा बोलला नाही, कारण त्याचं घरही खात्याचंच होतं. आणि मडम? संध्याकाळी सगळे बंगल्यात हसत असत तेव्हा ती एकटीच बाकावर पाण्याकडे बघत बसलेली मी बघितली आहे. तिला काय हवं होतं, ते मला कधी कळलं नाही.

नव्या वर्षाला मंडळी गेली. गाड्यांवर पेट्या चढल्या, दोन सांबरांची शिंगं चढली, माझ्या मांडणीतल्या बहुतेक परड्याही चढल्या. त्यांत माझी एकही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या फळ्या पुसत होते तेव्हा इतवारी आपली सुरी घ्यायला आली. दोन्ही तळवे विळ्यानं सोललेले.

"किती निघालं?" मी विचारलं.

"थोडाक निघाला."

मला राहवलं नाही. "इतवारी, तुला इथं बसवा असं मीच सुचवलं होतं."

"मालूम हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. चौकीदारानं सांगतलन."

"मग तू बोलली का नाहीस?"

तिनं सुरी कमरेला खोचली. "का बोलू? तूही तं डांबलेलीच होती आत." मला वाटलं तिनं मला माफ केलं. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात ती म्हणाली, "पन धान माहा गेला, बाई. तुहा नाई."

आणि ती गेली. उन्हाळ्यात त्या घरात मोहफुलं आणि कंदमुळं उकडून खाल्ली, असं चौकीदाराच्या बायकोकडून कळलं. मी दोनदा तांदूळ पाठवले. दोन्ही वेळा टोपली होती तशी परत आली.

पावसाळ्यात मोठ्या साहेबांची बदली झाली. नव्या साहेबाला बागेची हौस नव्हती. दुकानाच्या फळ्यांवर सागाच्या बियांची पोती आली, काचेवर कोळ्यांनी जाळी धरली. माझा दिवस पुन्हा चूल, विहीर, तुळस.

मग बदकं उतरली. पलीकडच्या बांध्या पिवळ्या व्हायला लागल्या. शिकारीला अजून आठवडा होता, गावात हाकेचा हुकूम सुटला नव्हता. एका सकाळी भाकरी झाल्यावर मी चुलीमागचा विळा काढला, दगडावर घासला आणि पदर खोचला. नवरा ओसरीत जोडे घालत होता.

"कोठी चालली?"

"धान कापाले," मी त्याच्याच बोलीत म्हटलं.

त्यानं विळ्याकडे बघितलं, मग तारेकडे. जोड्याची दोरी बांधायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. "कुंपणाजवळची वाट घे," तो म्हणाला. "तिकडं चिखल कमी हाय."

जांभळीच्या झाडाखाली इतवारी दोन बायांबरोबर वाकलेली होती. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहिले. पायांना दव लागत होतं. त्या बायांनी माझ्याकडे बघितलं आणि मग तिच्याकडे. ये असं ती म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. मूठभर धान कापून तिनं बाजूला ठेवलं, कंबर सरळ केली, आणि धुऱ्याकडची एक पात माझ्यासाठी सोडून पलीकडची धरली.

"बुडातून काप," ती म्हणाली. "वरून कापशील तं तणस वाया जाते."